जुन्या फोर बाय फोरचे सस्पेन्शन किट: पाटे जास्त भाराचे, शॉक आखूड

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: किटमधले मागचे पाटे आणि शॉक बदलून मिळण्याबाबत

महोदय,

आपल्याकडून घेतलेले सस्पेन्शन किट, म्हणजे स्प्रिंगचे पाटे आणि शॉक ॲब्झॉर्बर, माझ्या गाडीला बसवून 1800 किलोमीटर झाले. मागच्या उजव्या शॉकमधून तेल गळते आहे आणि त्याच्या खालच्या आयचे, म्हणजे बोल्ट जातो त्या कडीचे, वेल्डिंग तडकले आहे. रिकामी गाडी मागून इतकी उसळते की ओल्या रस्त्यावर मी मनातून घाबरलेला असतो. याबद्दल आपल्याला तीन वेळा लिहिले, तिन्ही वेळा वेगळे कारण मिळाले. म्हणून आज सगळी मापे घेऊन सविस्तर लिहितो आहे.

गाडी 25 वर्षे जुनी, पुढे-मागे दोन्हीकडे पाट्यांची. मागचे पाटे इतके बसले होते की कमान उरलीच नव्हती. चार माणसे बसली की ॲक्सल बंपस्टॉपला, म्हणजे चासीखालच्या रबरी ठोकळ्याला, टेकायचा. सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे त्याच पाट्यांना पुन्हा कमान चढवून घेणे, आणि तो मी आधी करून पाहिला होता. थंड पाटा ठोकून दिलेली कमान टिकली नाही, काही महिन्यांत पाटे परत बसले. नामांकित कंपन्यांची किटे माझ्या आवाक्याबाहेरची होती. आपले किट परवडणारे होते, म्हणून घेतले. त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही आणि कमी पैशांत उंची माल मिळावा अशी माझी अपेक्षाही नाही. रंग लवकर उडाला, नटबोल्ट साधे निघाले, हे मी चालवून घेतले असते.

माझी तक्रार वेगळी आहे. ऑर्डर देण्यापूर्वी मी आपल्या प्रतिनिधींना स्पष्ट लिहिले होते की गाडी बहुतेक वेळा रिकामी असते, दोन माणसे आणि थोडे सामान. उत्तर आले की मूळचे सात पाटे काढून आपण सहा देता, म्हणजे गाडी नरम चालेल आणि 50 मिलिमीटर उचलली जाईल. हा मेल माझ्याकडे आहे. त्या एका वाक्यावर विश्वास ठेवून मी पैसे भरले.

किट बसवल्यावर गाडी मागून 78 मिलिमीटर वर आली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, सपाट जमिनीवर, दोन्ही बाजूंनी मोजले आहे. नवीन पाटे जरा बसतील म्हणून महिनाभर थांबलो, फरक पडला नाही. तेव्हा जाडी मोजायचे व्हर्निअर घेऊन गाडीखाली गेलो. मूळचा पाटा 6 मिलिमीटर जाड, आपला 8. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, संख्येच्या मात्र सरळ प्रमाणात. लांबी आणि रुंदी दोन्हींची सारखीच आहे, त्यामुळे हिशेब सोपा होता: 6 चा घन 216, 8 चा 512; सात गुणिले 216 म्हणजे 1512, आणि सहा गुणिले 512 म्हणजे 3072. एक पाटा कमी करून आपण मला दुप्पट कडक स्प्रिंग दिलीत. "पाटे कमी, म्हणून नरम" हे ज्यांनी लिहिले त्यांनी हे दोन पाटे शेजारी ठेवून पाहिले असते, तर ते वाक्य लिहिलेच गेले नसते.

हिशेबावर न थांबता प्रत्यक्षही करून पाहिले. वाळूची 50 किलोची सहा पोती मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर ठेवली. 300 किलो भार पडल्यावर गाडी आपण सांगितलेल्या 50 मिलिमीटरवर येऊन थांबली. म्हणजे हे पाटे खराब नाहीत. ज्याच्या गाडीत कायम अवजारे, पाण्याची टाकी, जादा इंधन असते त्याच्यासाठी ते योग्यच आहेत. माझ्या गाडीसाठी ते नाहीत, आणि हे मला विकण्याआधी आपल्याला माहीत असायला हवे होते.

आता शॉकचे. गाडी चासीवर टेकवून, शॉक काढून, मागचा ॲक्सल मोकळा लोंबकळू दिला. वरच्या आणि खालच्या बुशच्या, म्हणजे टोकांच्या रबरी कड्यांच्या, मध्यांतले अंतर 595 मिलिमीटर भरले. आपला शॉक पूर्ण उघडला तरी 560. म्हणजे चाक खड्ड्यात उतरून लोंबकळले की पाटा मोकळा व्हायच्या आधीच शॉकचा रॉड शेवटाला आपटतो आणि ॲक्सलचे, चाकाचे सगळे वजन त्या एका वेल्डिंगवर येते. शॉकचे काम उसळी शमवण्याचे आहे, ॲक्सल टांगून धरण्याचे नव्हे. वेल्डिंग का तडकले, याचे उत्तर या 35 मिलिमीटरमध्ये आहे. त्यातच पाटे दुप्पट कडक आणि शॉक मूळच्या पाट्यांच्या मानाने भरलेला, त्यामुळे परतीची उसळी त्याला आवरत नाही.

ॲक्सल असा लोंबकळत असताना मागचा ब्रेक होज, म्हणजे ब्रेकच्या तेलाची रबरी नळी, तारेसारखा ताणला गेला. बोटाने दाबून पाहिला तर जराही सैल नव्हता. त्याच दिवशी लांब होज टाकून घेतला. लांब होजची गरज पडू शकते, याचा उल्लेख आपल्या सूचनापत्रात कुठेही नाही, आणि ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त खटकली. सस्पेन्शन कडक असले तर माणूस कंबर धरून बसेल. ब्रेकचे तेल गेले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

आपल्या उत्तरांबद्दल. पहिले, पाटे अजून बसायचे आहेत: 1800 किलोमीटरनंतरही उंची तीच आहे. दुसरे, फिटिंग चुकले: पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवीन वापरले, 500 किलोमीटरनंतर पुन्हा आवळले, पाट्याच्या आयचे आणि शॅकलचे, म्हणजे पाट्याच्या टोकाच्या झुलत्या पट्टीचे, बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे कसले, म्हणजे बुशला पीळ बसू नये. फोटो सोबत आहेत. तिसरे, ऑफ-रोड वापरामुळे वॉरंटी रद्द. आपल्या खोक्यावर खडकावर चढणाऱ्या गाडीचे चित्र आहे. गाडी कच्च्या रस्त्यावर नेली म्हणून वॉरंटी संपत असेल, तर ते खोक्यावर त्या चित्राशेजारीच छापा.

पुढच्या पाट्यांबद्दल आणि शॉकबद्दल तक्रार नाही. ते मापात आहेत आणि चांगले चालतात. बुशही चांगल्या रबराचे आहेत.

मागच्या जोडीऐवजी रिकाम्या गाडीसाठीचे पाटे द्यावेत. त्या पाट्यांवर ॲक्सल पूर्ण लोंबकळला तरी शेवटाला आपटणार नाही एवढ्या लांबीचे शॉक द्यावेत, मात्र बंद लांबी, म्हणजे शॉक पूर्ण दाबल्यावरची लांबीही तपासा, नाहीतर बंपस्टॉपच्या आधी शॉकच टेकेल. उंची बदलल्यावर ॲक्सलला गती देणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडत असेल तर ॲक्सल आणि पाट्यामधली पाचरही त्यासोबत द्यावी. हे जमत नसेल, तर मागच्या भागाची पूर्ण रक्कम, दुसऱ्यांदा लागणारी मजुरी आणि माल परत पाठवण्याचा खर्च द्यावा.

शिवाय प्रत्येक किटवर पाटा किती भारासाठी आहे, त्याचा कडकपणा किती, शॉकची उघडी आणि बंद लांबी किती, हे चार आकडे छापावेत. जुनी गाडी बाळगणारा माणूस आकडे वाचतो. ते मिळाले असते तर मी आपल्याकडूनच दुसरे किट घेतले असते.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. न आल्यास कायदेशीर मार्गाने जाईन. तडकलेला शॉक आणि मोजलेला पाटा मी तसेच जपून ठेवले आहेत. आपल्या माणसाने येऊन माझ्यासमोर मोजावेत. गाडी सध्या मागे जुने, बसलेले पाटे परत लावून उभी आहे.

आपला,
एक ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, मेलच्या प्रती, मापांचे आणि फिटिंगचे फोटो