टाके निघाले म्हणजे हात बरा झाला असं नाही

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. मनगटाच्या कार्पल टनेलचं ऑपरेशन झालेले पेशंट माझ्याकडे व्यायामासाठी येतात. त्यांत शिवणकाम करणाऱ्या बायका असतात, तसेच विहिरीवर जॅकहॅमर धरणारे, स्लॅब फोडायला ब्रेकर चालवणारे, दिवसभर फरशीवर ग्राइंडर फिरवणारे कामगारही असतात. हे पत्र या कामगारांसाठी आहे.

मनगटात हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामधून हाताकडे जाणारी नस दबली (हाच कार्पल टनेलचा आजार), की अंगठा आणि शेजारची बोटं बधिर होतात, रात्री मुंग्यांनी झोप मोडते. सर्जन तो पट्टा कापून नसेला जागा करून देतात. ऑपरेशन छोटं, बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात. १०-१४ दिवसांत टाके निघतात आणि ठेकेदारासकट सगळे समजतात, माणूस कामाला मोकळा झाला. पण तळहाताच्या बुडाशी, कापलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना दुखणं कित्येक आठवडे राहतं. पकडीतली ताकद परत यायला तीन महिने सहज लागतात. आणि ब्रेकर दाबून धरताना भार येतो तो नेमका तिथेच.

त्यात यंत्राच्या हादऱ्यांनी मनगटातली नसच बिघडते असं नाही. बोटांतल्या बारीक नसा आणि रक्तवाहिन्याही खराब होतात. ऑपरेशनने दाब सुटतो, ही इजा मात्र तशीच राहते. म्हणून रात्रीच्या मुंग्या थांबल्या तरी काहींना शर्टाची बटणं लावता येत नाहीत, थंडीत बोटं पांढरीफटक पडतात. पेशंट म्हणतो, ऑपरेशन फसलं. ते फसलेलं नसतं, पण तोच हात पुन्हा त्याच यंत्रावर गेला तर मिळालेला आरामही जाऊ शकतो.

मी सांगते, तीन महिने मशीनला हात लावू नका. ते मान डोलावतात आणि विचारतात, "मॅडम, तोवर घर कसं चालवायचं?" याचं उत्तर आपल्या खात्याने द्यायला हवं.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत कामामुळे होणारे, सरकारला कळवणं बंधनकारक असलेले २९ आजार होते. गोंगाटाने येणारं बहिरेपण त्यात होतं, सिलिकोसिस (दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) होता, हादऱ्यांनी होणारा आजार नव्हता. त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही यादी तीच राहिली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१० च्या यादीत कंपनाचे आजार आणि कार्पल टनेल दोन्ही आहेत. ब्रिटनमध्ये अशा हत्यारांमुळे झालेला कार्पल टनेल १९९३ पासून भरपाईला पात्र आहे. युरोपीय संघाने तर २००२ मध्ये हाताला बसणाऱ्या हादऱ्यांची रोजची मर्यादाच ठरवली. त्या हिशोबाने १० मीटर प्रति सेकंद वर्ग इतका हादरा देणारं यंत्र दिवसात दोन तासांपेक्षा जास्त धरता येत नाही. आमच्याकडचा माणूस काळ्या पाषाणावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत धरतो.

हे आजार यादीत यावेत म्हणून राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा. त्याला वेळ लागेल, हे मला कळतं. पण बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आपल्याच खात्याखाली आहे. हाताच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांच्या दाखल्यावर नोंदणीकृत कामगाराला तीन महिने निर्वाहभत्ता द्या. नोंदणीसाठी ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागतो, त्यात हे विश्रांतीचे दिवस धरा, नाहीतर बरं होण्यासाठी घरी बसलेला माणूस मंडळाच्या यादीतूनच गळेल. सरकारी कामांच्या निविदांत ब्रेकरवर माणसं आळीपाळीने लावण्याची अट घाला, आणि ऑपरेशन झालेल्याला परत घेताना हादऱ्याचं काम न देण्याचीही.

निदान भत्त्याचा निर्णय उन्हाळ्यात विहिरींची कामं सुरू व्हायच्या आत व्हावा. दाखल्याचा नमुना किंवा हात तपासण्याची सोपी पद्धत ठरवायची असेल, तर मी आणि माझे सहकारी आपल्या कार्यालयात यायला तयार आहोत.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट, सोलापूर