झाडाला झोपू दे

फ्रँकफर्ट,
तुळशीच्या लग्नाचा दिवस

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

काल रात्री तुझे फोटो आले. दोन मोठाल्या कुंड्या, मागे ओली पडवी आणि खाली एकच ओळ : "परवापासून शून्याखाली जाणार, काय करू?" फोन लावणार होतो, पण हे घाईत सांगण्यासारखं नाही. आज एवढंच कर, दोन्ही कुंड्या आत घे. पुढचं सावकाश वाच.

तुझी दोन झाडं एका जातीची नाहीत, म्हणून दोघांचा हिवाळाही एक नाही. डावीकडचं, पिवळसर दांड्यांच्या झुबक्याचं, त्याला टोरंटोच्या दुकानात 'अरेका पाम' म्हणून विकलं असणार. नावावर जाऊ नकोस. खरी अरेका म्हणजे आपली पोफळ. हे मादागास्करचं झाड आहे, त्याला थंडी ठाऊकच नाही. पंधरा अंशांच्या खाली गेलं की ते कष्टी होतं. ते घरात, सगळ्यात उजेडाच्या खिडकीत ठेव आणि हीटरच्या झोताबाहेर ठेव. कोरड्या हवेत त्याच्यावर लाल कोळी ही बारीक कीड पडते. पानामागे बारीक जाळी दिसली की न्हाणीघरात नेऊन पानं दोन्ही बाजूंनी धुऊन काढ.

उजवीकडची मात्र कॅनरी बेटांवरची खजूर. आपल्या शिंदीच्या भावकीतली. माझ्याकडेही तीच आहे, आणि माझं खरं सांगणं तिच्याबद्दलच आहे.

तुला मी कधी बोललो नाही, पण माझी पहिली खजूर माझ्याच हातून गेली. २००९ च्या उन्हाळ्यात घेतली होती, कमरेएवढी. ऑक्टोबरात थंडी पडायला लागल्यावर जीव राहवेना, म्हणून दिवाणखान्यात आणली. हीटरपासून दोन हातांवर, बावीस अंशांत. रोज तांब्याभर पाणी. डिसेंबरात तिनं तीन नवी पानं काढली आणि मला वाटलं, बाई रुळली. पण पानं लांबुळकी, फिकट, बोट टेकवलं तरी वाकणारी. इथे डिसेंबरात सूर्य आठनंतर उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो, त्यातही निम्मे दिवस आभाळ. उबेमुळे झाड वाढायला निघालेलं, आणि अन्न करायला उजेडच नाही. खोडात साठवलेलं होतं नव्हतं ते सगळं तिनं त्या तीन पानांत घालवलं.

जानेवारीअखेर मधला कोंब निस्तेज दिसला. चिमटीत धरून जरासा ओढला, तर तो अख्खा अलगद हातात आला. खालची चार बोटं तपकिरी, लिबलिबीत. वास कसला म्हणशील, तर पावसाळ्यात तुमच्या खळ्याच्या कडेला आंबलेल्या सुपारीच्या सालींचा. कितीतरी वेळ मी तो कोंब हातात धरून उभा होतो.

आठवतंय का, आंजर्ल्याला तुझे बाबा माडाच्या शेंड्याकडे बघून "कोंब कुजला" एवढंच म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी तोडायला माणूस यायचा? आपल्याला तेव्हा ते निर्दय वाटायचं. आंबा छाटला तर बाजूनं फुटतो. माड, पोफळ, खजूर यांना वाढायची जागा एकच, शेंड्याच्या पोटात, आणि एकखोडी झाडाला दुसरा डोळा नसतो. तो गाभा कुजला की खाली खोड कितीही हिरवं असो, झाड संपलं. क्वचित कोंब निघूनही गाभा शाबूत राहतो; तेव्हा कुजकं काढून, आत बुरशीनाशक घालून, वरून पाणी अजिबात पडू न देता वाट बघायची. माझं झाड त्यातून वाचलं नाही.

त्या फेब्रुवारीत मी लागोपाठ रविवारी इथल्या पाल्मेनगार्टनमध्ये जायचो. त्या बागेची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. नासाऊच्या ड्यूकचं राज्य १८६६ मध्ये प्रशियानं घेतलं, मग त्याचा काचघरातला झाडांचा संग्रह विकायला निघाला. हाइनरिश झीस्मायर नावाच्या बागवानानं गावातल्या लोकांना भागभांडवल उभारायला लावून तो इथे आणवला आणि १८७१ साली बाग उघडली. तिथं काम करणाऱ्या एका बाईंना मी माझ्या झाडाचं सांगितलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले : उजेड किती होता, ऊब किती होती? मी सांगितल्यावर म्हणाल्या, "तुम्ही त्याला झोपू दिलं नाहीत."

बाळ्या, मला तुला हेच सांगायचंय. ऊब द्यायची तर तेवढा उजेडही द्यावा लागतो. उजेड कमी असेल तर गारवा हवा. पाच ते दहा अंशांत ही खजूर जवळजवळ थांबते. ना वाढ, ना खर्च. व्हर्सायच्या राजवाड्यातलं ओरांजरी, म्हणजे नारिंगासारखी झाडं हिवाळ्यात ठेवायचं घर, १६८४ ते १६८६ मध्ये बांधलं, ते याच हिशोबानं. जाड भिंती, दुहेरी काचा, दक्षिणेकडे तोंड. हजारावर झाडं लाकडी पेट्यांतून शरदात आत येतात आणि मे महिन्यात बाहेर जातात. बघायला गेलो तेव्हा मला राजवाड्यापेक्षा तिथेच जास्त वेळ लागला.

आता तुझ्या घराचं. तुझं गॅरेज घराला जोडून आहे आणि त्याला खिडकी आहे, म्हणजे अर्धं काम झालं. पण टोरंटोची थंडी फ्रँकफर्टपेक्षा कडक, वजा पंधरा-वीसच्या रात्री तुमच्याकडे येतात, म्हणून नुसत्या गॅरेजवर विसंबू नकोस. थर्मोस्टॅट असलेला छोटा हीटर लाव, पाच अंशांच्या खाली जाणार नाही असा, झोत झाडापासून दूर. कुंडीशेजारी थर्मामीटर, आणि तो जमिनीलगत, कारण थंडी खाली साचते. कुंडी सिमेंटच्या लादीवर कधीच टेकवायची नाही. खाली दोन फळ्या आणि जाड थर्माकोल. झाडाला पानांपेक्षा मुळांची थंडी बाधते. कुंडीतली माती गोठली आणि फेब्रुवारीचं कोवळं ऊन खिडकीतून पानांवर आलं, की पानं पाणी मागतात आणि मुळं देऊ शकत नाहीत. भर ओलाव्यात झाड तहानेनं वाळतं, आणि माणूस आणखी पाणी घालतो.

पाणी तीन-चार आठवड्यांतून एकदा, तेही कोमट. आधी लांब लाकडी काडी मातीत खोल खुपस; ओली निघाली तर परत जा. कोंबात थेंबही नको. आठवड्याला एकदा कोंब दोन बोटांत धरून हळूच ओढून बघ, घट्ट लागला की निर्धास्त. खालची पानं पिवळी पडली तरी लगेच कापू नकोस, झाड त्यांतलं पोटॅश काढून वर नेत असतं. पार वाळली की मग काप. खत एप्रिलपर्यंत बंद. आणि हो, आपल्याकडे माडाच्या आळ्यात मीठ घालतात तसं इथं घालायचं नाही. कुंडीतलं मीठ कुठे वाहून जाणार?

हलवताना नीट ऐक. पानांच्या बुडाशी जे काटे आहेत ते वीतभर होतात आणि बोटाच्या सांध्यात शिरले तर महिनाभर दुखतात, मी भोगलंय. जाड हातमोजे घाल, डोळ्यांना चष्मा लाव. पानं वर गोळा करून जुन्या सुती साडीच्या पट्टीनं सैल बांध. नायलॉनची दोरी पानं कापते. माझी आताची खजूर, २०११ मध्ये घेतलेली, माझ्यापेक्षा उंच झाली आहे. शेजारचे तिघं आणि मी, ढकलगाडीवर पट्ट्यानं आवळून तिला गॅरेजमध्ये नेतो. पूर्वी ती इमारतीच्या जिन्यात, खिडकीपाशी असायची. २०१२ च्या फेब्रुवारीत दोन आठवडे सगळं गोठलेलं असताना तिथे एकही पान गेलं नाही. मग जिना आगीच्या वेळी मोकळा हवा म्हणून घरमालकांनी काढायला लावली. बरोबरच होतं त्यांचं, पण तो जिना अजून आठवतो.

बाहेर काढायची घाई करू नकोस. इथली म्हातारी माणसं ११ ते १५ मेचे 'हिमसंतां'चे दिवस, म्हणजे संतांच्या नावांचे, उशिराच्या थंडीचे समजले जाणारे दिवस, सरल्याशिवाय नाजूक झाड बाहेर ठेवत नाहीत. तुमच्याकडे मेच्या उत्तरार्धातल्या व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीचा मुहूर्त धरतात. पहिले दोन आठवडे सावलीतच, नाहीतर हिवाळाभर काचेआड राहिलेली पानं एका दुपारीत पांढरी पडतात.

एखाद्या रविवारी वहिनींना घेऊन तुमच्या अ‍ॅलन गार्डन्समध्ये जा. १९१० चं काचघर आहे, तिकीट नाही. आत शिरलास की ओल्या मातीचा वास येईल, आणि बाहेर बर्फ.

आज इथे संध्याकाळी तुळशीचं लग्न लावलं. तुळस स्वयंपाकघराच्या खिडकीत, तिला तरी ऊब लागतेच. ऊस मिळाला नाही, म्हणून खजुरीचं एक वाळकं पान कुंडीमागे उभं केलं. उद्या पहाटे वजा दोन सांगितलंय. एवढ्यानं माझ्या खजुरीला काही होत नाही, आणखी आठ-दहा दिवस ती बाहेरच राहील. गॅरेज मात्र झाडून ठेवलंय, फळ्या मांडल्यात.

थर्मामीटर लावलास की पहिल्या रात्रीचा आकडा कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
विनू