बर्लिनची भिंत पडलेली सगळ्यांना दिसली, पंचायत उभी राहिली ते पण लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पूर्व युरोपावरचा लेख वाचला. लेख चांगलाय, पण पोलंडचं सगळं चार ओळीत उरकून टाकलंय, म्हणजे वालेसा आले, त्यांची सॉलिडॅरिटी ही कामगार संघटना आली, 1989 ला निवडणूक झाली, कम्युनिस्ट गेले, लोकशाही आली. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

मी करवीर तालुक्यातला. 31 वर्षं ग्रामसेवक होतो, आता रिटायर. पोलंडशी आमचं नातं कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावामुळे. 1943 ते 48 तिथं पोलिश निर्वासितांचा कॅम्प होता, जवळपास पाच हजार माणसं, त्यात बायका आणि पोरंच जास्त. माझे आजोबा तिथं दूध घालायचे. स्टालिनच्या लोकांनी या कुटुंबांना रात्रीतून घरातून उचलून सायबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकलेलं, तिथून सुटून इराणमार्गे ती इकडं आली. युद्ध संपलं, आणि यांची गावं ज्या भागात होती तो भागच सोव्हिएत युनियनमध्ये गेला, आणि उरलेल्या पोलंडवर मॉस्कोच्या मर्जीतलं सरकार बसलं. मग परत जायचं कुठं? बरेचजण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाला गेले, आणि त्या बराकीत पुढं सिंधी निर्वासित आले, तेच आजचं गांधीनगर. आजोबा म्हणायचे की त्या बायका जाताना रडत होत्या पण घरी चाललोय असं एकीनंही म्हटलं नाही. हे वाक्य लहानपणापासून डोक्यात आहे, म्हणून त्या देशाचं पुढं काय झालं हे मी मिळेल तिथून वाचत आलो.

तर मुद्द्यावर येतो. 4 जून 1989 ची ती निवडणूक पूर्ण मोकळी नव्हतीच. फेब्रुवारी ते एप्रिल सरकार आणि सॉलिडॅरिटी एका टेबलाला बसून बोलले, त्यात ठरलं की खालच्या सभागृहाच्या 460 जागांपैकी 65 टक्के कम्युनिस्ट आणि त्यांच्या मित्रपक्षांना राखीव, बाकीच्या 161 वर खरी लढत, आणि सिनेटच्या, म्हणजे वरच्या सभागृहाच्या, 100 जागा मोकळ्या. सॉलिडॅरिटीने 161 च्या 161 जिंकल्या आणि सिनेटमध्ये 99. तरीपण राष्ट्राध्यक्ष कोण झाले, तर यारुझेल्स्की, ज्यांनी 1981 ला मार्शल लॉ लावून याच लोकांना जेलात घातलं होतं. ते जेमतेम एका मताने निवडून आले. पंतप्रधान मात्र सॉलिडॅरिटीचे, माझोवियेत्स्की. आज वाचताना वाटतं की ही कसली तडजोड, ज्यांनी छळलं त्यांच्याशीच हातमिळवणी, पण त्या वेळेला सोव्हिएत फौज पोलंडमध्येच तळ ठोकून होती, आणि त्याच दिवशी, त्याच 4 जूनला, बीजिंगमध्ये तिआनानमेन चौकात रणगाडे फिरत होते. मला तरी ती तडजोड शहाणपणाची वाटते, कारण गोळी न झाडता कम्युनिस्टांच्या हातातून सत्ता सुटली.

पण सत्ता सुटली म्हणजे लोकशाही उभी राहिली असं नाही. माझ्या मते ती उभी राहिली 27 मे 1990 ला, आणि ही तारीख कुठल्याच लेखात नसते, तुमच्याही नव्हती.

त्या दिवशी पोलंडमध्ये ग्मिनांच्या निवडणुका झाल्या. ग्मिना म्हणजे आपल्याकडच्या भाषेत काही गावांची मिळून एक मोठी पंचायतच म्हणा, अशा साधारण 2400 आहेत, शहरं धरून. कम्युनिस्ट काळात पण गावोगाव कौन्सिलं होती, नाही असं नाही, पण त्यांच्या नावावर ना जमीन, ना बिल्डिंग, ना स्वतःचा पैसा, सगळं सरकारच्या मालकीचं आणि निर्णय पक्षाच्या ऑफिसात. येझी रेगुल्स्की नावाचे एक प्राध्यापक होते, ते आणि त्यांचे सहकारी 80 च्या दशकापासून, म्हणजे काही होईल याची जराही आशा नव्हती तेव्हापासून, स्थानिक कारभार कसा असावा याचा अभ्यास करत बसले होते. 89 ला ते सिनेटवर निवडून आले, आणि 8 मार्च 1990 ला कायदा पास झाला. नवं सरकार येऊन सहा महिने झाले होते फक्त. त्या कायद्याने ग्मिनाला कायद्याच्या नजरेत स्वतंत्र अस्तित्व मिळालं, म्हणजे तिच्या नावावर मालमत्ता, तिचं स्वतःचं बजेट, तिचा स्वतःचा कर, आणि वरच्या साहेबाने फोन करून ठराव फिरवायचा नाही, कायदा मोडला असेल तरच वरून हात घालता येणार, आणि त्याविरुद्धही ग्मिना कोर्टात जाऊ शकते. साहेब, मी 31 वर्षं पंचायतीचं दप्तर सांभाळलंय, मला विचारा हे किती मोठं आहे. फंड वरून कधी येईल याची वाट बघणारी पंचायत आणि तिजोरीत स्वतःचा पैसा असलेली पंचायत यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, पहिल्या ठिकाणी मेंबर तालुक्याला चकरा मारतो, दुसऱ्या ठिकाणी गावातली बाई मीटिंगला येऊन विचारते की आमच्या गल्लीचा नळ कुठंय.

मतदान फार काही झालं नव्हतं, 42 टक्क्यांच्या आसपास. पण पन्नास हजारांवर सदस्य निवडून आले, बहुतेकांनी कधी सही करून चेक दिला नसेल असे मास्तर, इंजिनिअर, शेतकरी, डॉक्टर. पुढच्या काही वर्षांत पाण्याच्या लाईनी, सांडपाणी, रस्ते हे सगळं त्यांच्या हातून झालं, प्राथमिक शाळा पण 1996 पर्यंत त्यांच्याकडे आल्या. वॉर्सात सरकारं धडाधड बदलत होती, 1991 ला तर 29 पक्ष आणि गट खालच्या सभागृहात, कुणाचा मेळ कुणाला नाही, मग 1993 पासून 5 टक्क्यांची अट घातली, आणि अट घातली तर एक तृतीयांश मतं वाया गेली आणि जुने कम्युनिस्ट नाव बदलून परत सत्तेत आले! दोन वर्षांनी तेव्हा राष्ट्राध्यक्ष असलेल्या खुद्द वालेसांना हरवून जुन्या कम्युनिस्टांचाच क्वास्निएव्स्की राष्ट्राध्यक्ष झाला. पण हरलेले गुपचूप घरी गेले आणि जिंकलेल्यांनी परत हुकूमशाही आणली नाही, उलट 1997 ची राज्यघटना त्यांच्याच काळात झाली. आणि वर एवढी उलथापालथ चालू असताना खाली गावातला नळ चालू होता, लोकांना रोज दिसणारं सरकार जागेवर होतं.

चुकलं कुठं तेही लिहायला पाहिजे, नुसतं गुणगान नको. 1 जानेवारी 1990 पासून अर्थमंत्री बाल्त्सेरोविच यांनी एका झटक्यात बाजार खुला केला. त्या वर्षाची महागाई 585 टक्के. दुकानं भरली, रांगा गेल्या, हे खरं, पण ज्या देशात कागदोपत्री बेकारी शून्य होती तिथं 93 संपेपर्यंत ती 16 टक्क्यांवर. सरकारी शेतीफार्म बंद पडले आणि तिथली अख्खी गावं कामावाचून बसली. आणि ज्या ग्दान्स्कच्या गोदीतून 1980 ला सगळं सुरू झालं ती गोदी 1996 ला दिवाळखोरीत. म्हणजे लढले कामगार आणि नोकरी गेली कामगारांची. इलाज करायलाच हवा होता हे मान्य, पण या माणसांना सावरायला हात कमी पडला हे मला फार लागतं. पुढं त्यांच्या मनातला हाच राग 2015 ला मतपेटीतून बाहेर आला असं मला वाटतं, तेवढंच कारण नसेल, पण मोठं कारण आहे.

2015 नंतरचं तुमच्या लेखात दोन ओळी आहे, त्यात सगळा दोष 2015 ला सत्तेत आलेल्या ‘कायदा आणि न्याय’ नावाच्या पक्षावर टाकलाय. त्यांनी घटना न्यायालय, म्हणजे कायदे राज्यघटनेला धरून आहेत का ते बघणारं कोर्ट, ताब्यात घेतलं, सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांचं रिटायरमेंटचं वय खाली आणून त्यांना घरी पाठवायला बघितलं, सरकारी टीव्ही पक्षाचा करून टाकला, हे सगळं खरंच आणि वाईटच. पण सुरुवातीला आधीच्या सरकारने पण जाता जाता घटना न्यायालयावर पाच न्यायाधीश नेमले, त्यातले दोन नेमायचा त्यांना हक्क नव्हता, खुद्द त्या न्यायालयानेच तसं सांगितलं. नियमाला पहिला चिरा आपल्याला आवडणाऱ्या माणसांनी पाडला तरी तो चिराच असतो, तो लिहायलाच पाहिजे.

या पक्षाच्या सत्तेच्या आठ वर्षांत मोठ्या शहरांचे महापौर स्वतःच्या पायावर उभे होते, सरकारविरुद्ध उघड बोलत होते, कारण 2002 पासून त्यांना लोक थेट निवडून देतात आणि बजेट त्यांचं स्वतःचं. 1990 ला घातलेला पाया तेव्हा कामी आला. आणि 15 ऑक्टोबर 2023 च्या ज्या निवडणुकीत या पक्षाची सत्ता गेली तिला 74 टक्के मतदान झालं, 1989 च्या त्या ऐतिहासिक निवडणुकीला 62-63 टक्केच होतं. व्रोत्सवाफच्या एका केंद्रावर लोक रात्री तीनपर्यंत थंडीत रांगेत उभे होते आणि शेजारपाजारचे त्यांना चहा-खाणं आणून देत होते. कोर्टांचं भांडण मात्र अजून मिटलेलं नाही, मोडायला दोन वर्षं लागली ते जोडायला किती लागतील माहीत नाही, त्यात राष्ट्राध्यक्ष एका बाजूचा आणि सरकार दुसऱ्या बाजूचं.

विनंती एवढीच की पुरवणीत यावर पुन्हा लिहाल तेव्हा 27 मे 1990 ला एक पान द्या, आणि जमलं तर तुमचा फोटोग्राफर कोल्हापूरला महावीर गार्डनमध्ये पाठवा, तिथं वळिवड्याच्या पोलिश लोकांचं स्मारक आहे. मी सोबत यायला तयार आहे, आजोबा दूध घालायला जायचे तो रस्ता पण दाखवीन.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त ग्रामसेवक, ता. करवीर, जि. कोल्हापूर