नवघरचा शाबिएर

मुलुंड (पूर्व)

चि. ओंकार,

अनेक उत्तम आशीर्वाद. अमाइयाला विश्रांती घ्यायला सांग, बाळाला पापा.

काल संध्याकाळी आई आणि मी सराफाकडे गेलो होतो, बाळाची वाटी-चमचा घ्यायला. वाटी आईने आधीच हेरून ठेवली होती, काठाला बारीक वेलबुट्टी असलेली. सराफाने पावतीपुस्तक पुढे ओढलं आणि विचारलं, "नाव काय घालू?" मी म्हणालो, शाबिएर. तो म्हणाला, "झाबीर?" आई म्हणाली, "अहो, हाविएर असंही म्हणतात." मागे ठोकत बसलेल्या कारागिराने मान वर केली, "हावरे?" शेवटी मी म्हटलं, दोन दिवस थांबा, मुलाला विचारून सांगतो. म्हणून हे पत्र.

दुसरंही कारण आहे. बाळ झालं त्या रात्री तू नाव सांगितलंस आणि मी नुसतं "बरं" म्हणून फोन आईकडे दिला. तुला ते लागलं असणार. उगाच लपवत नाही, मला नाव आवडलं नव्हतं. देवाचं नाही, आपल्याकडच्या कुणाचं नाही, गेला बाजार दोन्हीकडे खपेल असं नील किंवा कबीर तरी ठेवायचं. माझ्या डोक्यात झेवियर म्हणजे धोबीतलावचं ते १८६९ सालचं कॉलेज. मराठी शाळेतून निघालेली आम्ही पोरं तिकडे फिरकायचोही नाही. कुणी "झेवियर्सला आहे" म्हटलं की आधी त्याच्या बुटांकडे बघायचो. दुसरं म्हणजे जुन्या गोव्यातली संत झेवियरच्या देहाची चांदीची पेटी. यातलं काही माझ्या नातवाच्या नावात कशाला, असं वाटलं. चूक की बरोबर ते सोड.

मग परवा अमाइया आईशी बोलत होती. दोघींच्या इंग्रजीच्या मधून मधून तिने सांगितलं की हा शब्द मुळात बास्क, म्हणजे तिकडच्या उत्तर स्पेनमधल्या भाषेतला आहे, 'एचे' म्हणजे घर आणि 'बेरी' म्हणजे नवं. आई क्षणभर गप्प बसली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे नवघर!"

आता सदतीस वर्षं नवघर रोडला काढलेल्या माणसाने यावर काय बोलावं? मी चहा घेतला आणि शोधायला बसलो. निवृत्त माणसाला वेळच वेळ.

तुला हे सगळं ठाऊक असेलही, तू तिथे राहतोस. तरी लिहितो. बास्क ही जगातल्या कुठल्याच भाषेची बहीण नाही, लॅटिनची तर नाहीच. त्या मुलखात पूर्वी घरालाच नाव असायचं आणि घराचं नाव माणसांना लागायचं. वाड्यावरून, वाडीवरून, गावावरून आपली आडनावं पडली तसंच. एचेबेरिया हे आडनाव त्यातलंच, आणि १९७० ते ७६ मेक्सिकोचे अध्यक्ष असलेल्या लुईस एचेवेरियांचं आडनावही तेच, फक्त स्पॅनिश वळणाचं. एका ठिकाणी मात्र ते नवं घर जिभेवर झिजत झिजत शाविएर झालं, आणि तिथल्या किल्ल्याला, गावाला ते नाव राहिलं. पाम्प्लोनापासून पन्नासेक किलोमीटर. गेल्या वर्षी तुम्ही दोघं गेलात तोच किल्ला. तू फोटो पाठवले होतेस: देवघरातला तो हसरा ख्रिस्त आणि भिंतीवर नाचणारे सांगाडे. तेव्हा मी अंगठा दाखवून पुढे गेलो होतो, आता परत उघडून पाहिले.

१५०६ मध्ये त्या किल्ल्यात फ्रान्सिस्को, म्हणजे आपल्याकडचा संत फ्रान्सिस झेवियर, जन्मला. गंमत अशी की बापाचं आडनाव हास्सो. शाविएरची जहागीर आईची, मारिया दे अस्पिलिकुएताची. म्हणजे जगभर गेलेलं हे नाव मुळात आईच्या माहेरचं. (हे वाक्य तुझ्या आईला दोनदा वाचून दाखवावं लागलं.) १५१२ मध्ये कास्तीय या शेजारच्या राज्याने नाबारा, म्हणजे त्यांचं राज्य, जिंकलं. फ्रान्सिस्कोचे भाऊ हरलेल्या बाजूने लढले, त्याची शिक्षा म्हणून १५१६ मध्ये किल्ल्याचे तट-बुरूज उतरवले. पोरगा दहा वर्षांचा होता. नवं घर त्याच्या डोळ्यांदेखत पाडलं गेलं. आज तुम्ही तिकीट काढून बघता तो किल्ला बराचसा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला पुन्हा उभा केलेला.

पुढे तो पॅरिसला शिकला, लोयोलाच्या इग्नेशियसबरोबर जेझुइट या धर्मगुरूंच्या संघाचा पाया घातला, १५४१ मध्ये लिस्बनहून निघाला आणि तेरा महिन्यांनी, ६ मे १५४२ ला गोव्यात उतरला. मग मलाक्का, जपान. ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांचुआन बेटावर वारला. घरी परत गेलाच नाही. १५५४ मध्ये त्याचा देह गोव्यात आणला.

ऑफिसच्या सहलीबरोबर आम्ही २०१४ च्या डिसेंबरात जुन्या गोव्यात गेलो होतो, तेव्हा नेमकं ते दहा वर्षांनी होणारं शवदर्शन होतं. उन्हात दोन तास रांग. पुढे कोल्हापूरकडच्या बायका, हातात मेणबत्त्या. त्यांना म्हटलं, तुम्ही इकडे कशा? तर एक म्हणाली, "गोंयचो सायब आहे, त्याला काय जात असते?" बों जेझूचं ते चर्च बाहेरून गिलावा नसलेलं, नुसता जांभा. पावसाने काळवंडलेला. आपल्या आडिवऱ्याच्या घराचा चिरा तसाच दिसतो.

पण त्या माणसाची दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर बाळ मोठं झाल्यावर म्हणेल आजोबांनी गाळलं. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसवा असं याच फ्रान्सिस्कोने पोर्तुगालच्या राजाला लिहिलं होतं. ते सुरू झालं १५६० मध्ये, तो गेल्यानंतर, आणि कायमचं बंद झालं १८१२ ला. कितीतरी कुटुंबं देव उचलून खाडीपलीकडे गेली. त्यामुळे संताचं नाव म्हणून मला ते पटलं असतं असं नाही. घराचं नाव म्हणून पटलं.

१६२२ मध्ये त्याला संतपद मिळालं आणि मग लोक पोरांना फ्रान्सिस्को हाविएर नाव ठेवू लागले. हळूहळू पुढचं गळालं, हाविएर उरलं. म्हणजे गावाचं नाव माणसाचं पहिलं नाव झालं. तुकोबांवरून मुलाचं नाव तुकाराम न ठेवता 'देहू' ठेवावं, तसला प्रकार! तिकडे ही एकच केस नाही म्हणे, बोर्खा हेही तसंच, आरागोनमधल्या गावाचं.

आता उच्चाराची भानगड, कारण सराफ त्यावरच अडला आहे. जुन्या स्पॅनिशमध्ये एक्स हे अक्षर 'श' म्हणायचं. सोळाव्या-सतराव्या शतकात तो 'श' घशात उतरला आणि खरखरीत 'ह' झाला, 'ख'च्या जवळचा. १८१५ मध्ये त्यांच्या भाषेच्या अकादमीने लिहिण्यातही एक्सच्या जागी जे घातला आणि शाविएरचा हाविएर पक्का झाला. इंग्रजांनी एक्सचा 'झ' केला, तो आपण उचलला. पण पोर्तुगीजांनी 'श' सोडला नाही, म्हणून गोव्यात आजही शाव्हियेर. कातालान लोकांचा शावी, बास्क लोकांचा शाबिएर. म्हणजे तुझ्या पोराचं नाव माद्रिदपेक्षा म्हापशात जास्त बरोबर उच्चारलं जाईल.

एक गोष्ट मात्र तू मला सांगितलीच नाहीस, ती अमाइयाकडून कळली. हे तिच्या आजोबांचं नाव. १९३८ च्या हुकमाने हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत नोंदणीत कास्तीयनच, म्हणजे स्पॅनिशच, नाव चालायचं, त्यामुळे ते कागदावर जन्मभर हाविएर आणि घरात शाबिएर. १९७७ मध्ये कायदा बदलला, पण त्यांनी कागद बदलायचा कंटाळा केला. गेल्यावर थडग्यावर मात्र घरच्यांनी एक्स आणि बी घालून (Xabier) नाव कोरून घेतलं. अरे गाढवा, पणजोबांचं नाव ठेवलंय हे पहिल्या वाक्यात सांगायचं असतं! मी काय आडवा आलो असतो?

बाकी हाविएर म्हणून बघशील तर तिकडे ते आपल्या संजय-सुनीलसारखं दिसतंय. स्पेनमध्ये आज हयात असलेल्या पुरुषांत पहिल्या दहात बसतं, पण पाळण्यातली पोरं आता उगो, मार्तीन, मातेओ, लुकास. चिलीत मुलींना हाविएरा ठेवतात. आमच्या पिढीला एक हाविएर रोज बातम्यांत भेटायचा, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस पेरेस दे क्वेयार, पेरूचे. १९८२ पासून ९१ पर्यंत, इराण-इराक काय, काय काय. दूरदर्शनवर ते झेवियरच असायचे बहुतेक. दुसरा क्यूबाचा सोतोमायोर. १९९३ मध्ये स्पेनमध्येच, सालामांकाला, २.४५ मीटर उंच उडाला आणि तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. आपल्या दाराची चौकट मोजली मी, सव्वादोनही नाही.

तुझी आत्या बारशाची तयारी करते आहे. व्हिडिओ कॉलवर कानात कुर्रर्र कसं करायचं हा प्रश्न तिला पडलेला नाही. फोन बाळाच्या कानाला लावायचा, एवढंच ती म्हणते. तिने सरावही सुरू केला आहे, आणि पहिल्या दिवसापासून "शाबी, शाबी" चाललंय. काल मी विचारलं हे काय, तर म्हणाली, "शाब्बास म्हटल्यासारखं वाटतं." वेळ इकडची संध्याकाळ धर, म्हणजे तुमची दुपार होईल. घुगऱ्या अमाइया करेल का तिथे? हरभरे मिळतातच, तिकडे आपल्यापेक्षा जास्त खातात असं तूच सांगितलं होतंस.

तिकडच्या रीतीने बाळाला दोन आडनावं लागतील, पहिलं आपलं असेल तर शाबिएर आडिवरेकर. दोन्ही गावंच. मी आडिवऱ्याला आयुष्यात चारदा गेलो असेन, महाकालीच्या देवळापुरता. तू एकदाच, तोही उलट्या करत. तरी 'कर' लावून फिरतोय आपण. त्या पोराच्या पहिल्या नावाला तर 'कर'सुद्धा नाही, सरळ घरच गळ्यात.

आईने दोन झबली शिवली आहेत आणि एक कुंची. ती पार्सलने पाठवतोय, वाटी मात्र येताना हातानेच आणू, तिचा पोस्टावर भरवसा नाही.

सराफाला नाव देवनागरीत घालायला सांगणार आहे, तिथल्या भांड्यांत ती ओळखू येईल. माझं मत: श ला काना, ब ला पहिली वेलांटी, मग ए, मग र. 'बि' की 'बी' यावर अमाइयाला विचार, ती कसं म्हणते ते व्हॉट्सॲपवर बोलून पाठव. तो शनिवारी दुकान बंद करायच्या आत सांगा म्हणालाय.

तुझा,
बाबा