कोऱ्या चौकोनातून बाहेर काढणाऱ्या ताईंचे आभार

तालुक्यातल्या विहिरी आणि पाझर तलावांचे नकाशे पुरवणारी आमची छोटी डब्ल्यूएमएस सेवा (मागितलेल्या भागाचा नकाशा चित्र म्हणून इंटरनेटवरून पाठवणारी) बरी चालली होती. वेबसाइट मात्र जुनाट. गेल्या महिन्यात सर्व्हर बदलला आणि साइटवरचं नकाशा मागवायचं उदाहरण जसंच्या तसं वापरणाऱ्याला नुसता कोरा चौकोन दिसू लागला. दोन रात्री मी सर्व्हरलाच शिव्या घातल्या.

मग एका अनोळखी ताईंचा मेल आला. ईपीएसजी ४३२६ (अक्षांश-रेखांशांत जागा सांगायची एक पद्धत) असेल तर डब्ल्यूएमएसच्या १.१.१ आवृत्तीत आधी रेखांश, १.३.० मध्ये आधी अक्षांश. आमच्या उदाहरणात आवृत्ती नवी आणि क्रम जुना! पुण्याचे १८.५२, ७३.८६ उलटे केले की माणूस थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात.

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. साइटवरचं प्रत्येक उदाहरण स्वतः चालवून पाहिलं, बंद पडलेल्या लिंक लाल केल्या, आणि मी ठिकठिकाणी लिहिलेलं ‘अक्षांक्ष’ही काही न बोलता सुधारून दिलं. पैशांचं विचारलं तर म्हणाल्या, “आमची विहीर नकाशात आहे, तेवढं पुरे. जरा ओढ्यात पडलीय, ती बाहेर काढा.”

ताई, नाव नको म्हणालात म्हणून लिहीत नाही. मनापासून आभार. विहीर कालच काठावर आणली.