आयोवाच्या आक्रमणाचे दुखणे केवळ घराणेशाहीचे नव्हते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या क्रीडा पानावर अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलविषयी गेल्या आठवड्यात जो मजकूर प्रसिद्ध झाला, त्यात आयोवा विद्यापीठाच्या संघाचा विषय ‘बाप मुख्य प्रशिक्षक आणि मुलगा आक्रमणाचा प्रशिक्षक, मग दुसरे काय होणार’ अशा आशयाच्या एका वाक्यात उरकला होता. घराणेशाही हा शब्द आपल्याकडे इतका हाताशी असतो की तो उच्चारला की पुढचा विचार करण्याची गरजच उरत नाही. मी मूळचा इचलकरंजीचा असून बरीच वर्षे आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्स येथे राहतो. माझी मुलगी याच विद्यापीठात शिकली आणि 2022 व 2023 या दोन्ही हंगामांतले घरच्या मैदानावरचे बहुतेक सामने आम्ही दोघांनी किनिक स्टेडियममध्ये बसून पाहिले. त्या अनुभवाच्या आधारे मला असे सांगायचे आहे की या संघाच्या आक्रमणाचे जे झाले, त्याचे मूळ नात्यागोत्यात कमी आणि संघाला लागलेल्या एका सवयीत अधिक होते. आक्रमणाने चूक करू नये एवढीच त्याच्याकडून अपेक्षा ठेवायची आणि सामना बचाव फळीने व पंट मारणाऱ्याने जिंकून द्यायचा, ही ती सवय.

हा खेळ फारसा न पाहिलेल्या वाचकांसाठी दोन शब्द. आक्रमण करणाऱ्या अकरा जणांना दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. ते जमले की पुन्हा चार प्रयत्न, आणि असे सरकत सरकत शेवटची रेषा ओलांडली की टचडाऊनचे 6 गुण. तीन प्रयत्नांत जमले नाही, तर बहुतेक संघ चौथ्या प्रयत्नाला चेंडू लाथेने दूर उडवून प्रतिपक्षाच्या हवाली करतात. त्याला पंट म्हणतात. म्हणजे पंट हा मुळात हार मान्य करण्याचा, पण नुकसान कमी करण्याचा मार्ग आहे.

आता आकडे पाहावेत. 2022 च्या हंगामात आयोवाच्या आक्रमणाने सामन्यामागे सरासरी 251.6 यार्ड कमावले आणि देशातल्या वरच्या श्रेणीच्या 131 संघांत त्यांचा क्रमांक 130 वा लागला. त्या वर्षी साउथ डकोटा स्टेटविरुद्धचा पहिलाच सामना त्यांनी 7–3 असा जिंकला, तोही एकही टचडाऊन न करता. एक फील्ड गोल (चेंडू लाथेने खांबांमधून मारून मिळणारे 3 गुण) आणि बचाव फळीने मिळवलेल्या दोन सेफ्टी (प्रतिपक्षाला त्याच्याच शेवटच्या रेषेमागे अडवून प्रत्येकी 2 गुण) एवढ्यावर ते 7 गुण जमले होते. पुढच्या वर्षी सरासरी आणखी घसरून 234.6 यार्डांवर आली आणि 133 संघांत आयोवा शेवटचा ठरला. त्याच वर्षी मेलबर्नहून आलेल्या टोरी टेलर या पंटरने 93 पंट मारून 4,479 यार्डांचा विक्रम केला. हा विक्रम त्याआधी 1938 पासून अबाधित होता. 14 सामन्यांवर हे यार्ड वाटले तर सामन्याला जवळजवळ 320 पडतात. म्हणजे एकट्या पंटरच्या लाथेने चेंडू जितका पुढे गेला, तितका तो साऱ्या आक्रमक फळीला नेता आला नाही. टेलरला त्या वर्षी देशातील सर्वोत्तम पंटरचा रे गाय पुरस्कार मिळाला आणि तो त्याचा हक्कच होता. परंतु स्टेडियममध्ये पंटला टचडाऊनसारख्या टाळ्या पडू लागल्या, ‘पंट मारणे म्हणजेच जिंकणे’ अशा अर्थाचे शर्ट लोक अभिमानाने घालू लागले, तेव्हा काहीतरी बिघडले आहे हे माझ्यासारख्या बाहेरून आलेल्यालाही जाणवू लागले होते.

आमच्या भागात कबड्डी पाहतच मुले मोठी होतात. चढाईला गेलेला खेळाडू कोणाला न शिवता नुसता बॉक रेषा ओलांडून परत येतो, तेव्हा ती चढाई रिकामी धरली जाते. आघाडी टिकवायची असेल तर एखादी अशी चढाई हिशेबाचीच असते. पण सगळा संघच रिकाम्या चढायांवर विसंबला तर पकडी करणाऱ्यांवर सामन्याचा सारा भार येतो, म्हणून आता लागोपाठच्या दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीला गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद होतो. आयोवाच्या आक्रमणावर असा तिसऱ्या चढाईचा धाक कोणीच ठेवला नव्हता. बचाव फळीचे प्रशिक्षक फिल पार्कर यांचा संघ प्रतिस्पर्ध्यांना सामन्याला सरासरी 14.8 गुणांवर रोखत होता, आणि 2023 मध्ये देशातील सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाचा ब्रॉयल्स पुरस्कार त्यांना मिळाला. इतका भक्कम बचाव पाठीशी असला की आक्रमणाच्या अपयशाची किंमत लगेच चुकवावी लागत नाही.

घराणेशाहीचा भाग मी नाकारत नाही. कर्क फेरेंट्झ हे 1999 च्या हंगामापासून मुख्य प्रशिक्षक आहेत आणि त्यांचे चिरंजीव ब्रायन 2017 ते 2023 या काळात आक्रमणाचे समन्वयक होते. नातेवाईकाने नातेवाईकावर देखरेख ठेवू नये असा विद्यापीठाचा नियम असल्यामुळे कागदोपत्री ब्रायन यांचे वरिष्ठ क्रीडा संचालक होते, वडील नव्हते. ही व्यवस्था माझ्या मते साध्या पक्षपातापेक्षा घातक ठरली. मैदानात आणि सरावात सगळे निर्णय मुख्य प्रशिक्षकांच्या विचाराने व्हायचे, पण त्या निर्णयांचा जाब विचारण्याचे काम अशा अधिकाऱ्याकडे होते ज्याचा रोजच्या खेळाशी संबंध नव्हता. जबाबदारी अशी दोन खुर्च्यांमध्ये पडली की ती कोणाचीच राहत नाही.

त्यातूनच फेब्रुवारी 2023 मधला तो करार आला, ज्याची अमेरिकेत फार चर्चा झाली. ब्रायन यांचा पगार 50,000 डॉलरने कमी करून 850,000 डॉलर करण्यात आला आणि करार पुढे चालू ठेवायचा असेल तर संघाने सामन्यामागे सरासरी 25 गुण आणि किमान 7 विजय मिळवावेत, अशी अट घालण्यात आली. अट ऐकायला कडक वाटते. मात्र त्या 25 गुणांत बचाव फळीने मिळवलेले गुण धरले जाणार होते, पंट परत आणताना झालेले टचडाऊनही धरले जाणार होते. ज्या माणसाची परीक्षा घ्यायची, त्याच्या उत्तरपत्रिकेत शेजारच्या विद्यार्थ्याचे गुण मिळवण्यासारखाच हा प्रकार होता. एवढी सवलत असूनही 14 सामन्यांत एकूण 216 गुण झाले, म्हणजे सरासरी 15.4. हंगाम अर्धा उलटल्यावर, 30 ऑक्टोबर 2023 रोजी, प्रभारी क्रीडा संचालक बेथ गेट्झ यांनी ब्रायन हंगामाअखेर पदावर राहणार नाहीत असे जाहीर केले.

मुलांच्या गुणवत्तेत खोट होती का? माझे उत्तर स्पष्ट नाही असे आहे, आणि त्याला पुरावा आहे. चार्ली जोन्स हा झेलणारा खेळाडू 2021 मध्ये आयोवाकडून खेळला, तेव्हा त्याच्या वाट्याला अख्ख्या हंगामात 21 झेल आले. पुढच्या वर्षी तो त्याच परिषदेतल्या, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या त्याच गटातल्या, पर्ड्यू विद्यापीठात गेला आणि तेथे त्याने 110 झेल घेत 1,361 यार्ड आणि 12 टचडाऊन केले. एका उन्हाळ्यात माणसाचे हात बदलत नाहीत. सॅम लापोर्टा हा टाइट एंड (पुढच्या फळीच्या टोकाला राहून अडवणारा आणि झेलणाराही) तर 2022 च्या त्या 130 व्या क्रमांकाच्या आक्रमणातच होता. 2023 मध्ये तो डेट्रॉइटकडून व्यावसायिक लीगमध्ये उतरला आणि पहिल्याच हंगामात त्याने 86 झेल घेतले, जो नवख्या टाइट एंडसाठी तोवरचा विक्रम होता. उलट दिशेचेही उदाहरण आहे. केड मॅकनमारा या क्वार्टरबॅकने (चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूने) 2021 मध्ये मिशिगनकडून खेळताना परिषदेच्या अंतिम सामन्यात आयोवालाच 42–3 असे हरवले होते. तो आयोवात आला, आणि 30 सप्टेंबर 2023 रोजी मिशिगन स्टेटविरुद्ध गुडघा दुखावून बाहेर पडेपर्यंत त्याच्या हातूनही फारसे काही घडले नव्हते. दुखापतींचा फटका संघाला बसला हे खरेच. त्याच हंगामात ल्यूक लॅची आणि एरिक ऑल हे दोन्ही प्रमुख टाइट एंडही जायबंदी झाले. परंतु 2022 मध्ये, या दुखापतींच्या आधीही, चित्र वेगळे नव्हते.

खरा बिघाड पुढच्या पाच जणांच्या फळीत होता, ज्यांच्याकडे टीव्हीचा कॅमेरा सहसा वळत नाही. आयोवाची पद्धत अशी की या पाचांनी एकाच वेळी एका बाजूला सरकत प्रतिपक्षाला ढकलायचे आणि त्यातून जी फट पडेल तिच्यातून धावणाऱ्याने घुसायचे. ही पद्धत जमली की देखणी असते, पण त्यात पाचांची पावले एका तालात पडावी लागतात आणि तो ताल वर्षानुवर्षांच्या सरावाने येतो. टायलर लिंडरबॉम हा मधला खेळाडू 2022 मध्ये व्यावसायिक लीगच्या पहिल्या फेरीत निवडला गेला आणि त्याच्या जागी बचाव फळीतून आलेला खेळाडू उभा करावा लागला. लिंडरबॉमही मूळचा बचाव फळीतलाच होता, त्यामुळे या बदलात गैर काहीच नव्हते. शिकायला वेळ लागणार होता, इतकेच. तो वेळ मिळावा म्हणून डावपेचांची रचना बदलायला हवी होती. खेळी सुरू होण्याआधी खेळाडू हलवून प्रतिपक्षाला बुचकळ्यात टाकणे, धावण्याचे सोंग करून फेकणे, असे उपाय होते. त्याऐवजी धाव ठरलेल्या बाजूला जात राहिली आणि समोरचे आठ-आठ जण तिची वाट पाहत उभे राहिले. सप्टेंबर 2023 मध्ये पेन स्टेटने 31–0 असे हरवले, तेव्हा आयोवाला साऱ्या सामन्यात फक्त 33 खेळी करता आल्या आणि त्यांतून 76 यार्ड मिळाले.

21 ऑक्टोबर 2023 चा मिनेसोटाविरुद्धचा सामना मी विसरू शकत नाही. आयोवा 12–10 असा मागे होता, दीड मिनिटापेक्षा कमी वेळ उरला होता. आयोवाच्या कूपर डीजीनने मिनेसोटाचा उसळता पंट उचलला आणि 54 यार्ड धावत थेट शेवटच्या रेषेपलीकडे नेला. आमच्या भोवतीचे सगळे लोक एकमेकांच्या गळ्यात पडले; माझ्या पुढच्या रांगेतल्या आजीबाई रडत होत्या. मग पंचांनी चित्रफीत तपासली आणि डीजीनने डावा हात हलवून झेलाची, म्हणजे चेंडू घेऊन पुढे न धावण्याची, चुकीची खूण केली होती असे ठरवून तो टचडाऊन रद्द केला. पुढचे कित्येक दिवस इकडे चर्चा त्या डाव्या हाताचीच चालू होती. मला मात्र त्यानंतरचे क्षण आठवतात. चेंडू आयोवाकडेच होता आणि तोही मैदानाच्या मध्याच्या आसपास. टचडाऊनची गरजही नव्हती, वीस-पंचवीस यार्ड पुढे जाऊन फील्ड गोल मारला असता तरी सामना हातात होता. स्टेडियममधल्या एकाही माणसाला ते जमेल असे वाटत नव्हते, आणि ते जमले नाहीच. चेंडू मिनेसोटाच्या हातात गेला. माझी मुलगी तेव्हा एवढेच म्हणाली, ‘‘बाबा, आपल्याला पंचांची गरज नव्हती, वीस यार्डांची होती.’’ त्या सामन्यात मिनेसोटाला एकही टचडाऊन करता आला नव्हता, त्यांचे सगळे 12 गुण चार फील्ड गोलचे होते. बचाव फळीने आपले काम पुरेपूर केले होते.

तरीही तो हंगाम 10 विजय आणि 4 पराभवांवर संपला, आणि मला वाटते, आक्रमणाचे दुखणे चालू राहण्याचे हेच सर्वांत मोठे कारण आहे. दहा विजय मिळवणाऱ्या संघाला कोण काय सांगणार? विस्कॉन्सिनला 15–6, नॉर्थवेस्टर्नला 10–7, इलिनॉयला 15–13, नेब्रास्काला 13–10 असे हरवून संघ परिषदेच्या अंतिम सामन्यात पोहोचला. प्रत्येक विजयाने आक्रमणाची तक्रार पुढच्या आठवड्यावर ढकलली. त्या चार पराभवांचे आकडे पाहिले तर पेन स्टेटविरुद्ध 0, मिनेसोटाविरुद्ध 10, अंतिम सामन्यात मिशिगनविरुद्ध 0, सिट्रस बोल या हंगामाअखेरच्या खास सामन्यात टेनेसीविरुद्ध 0. बचाव फळीला तोडीस तोड प्रतिस्पर्धी भेटला की मागे काहीच शिल्लक नसे.

2024 मध्ये टिम लेस्टर आक्रमणाचे समन्वयक झाले. मुख्य प्रशिक्षक तेच राहिले, पुढच्या फळीतले बहुतेक खेळाडूही तेच, वर्षभराने अधिक जाणते झालेले. खेळी सुरू होण्याआधीची हालचाल वाढली आणि धावणाऱ्यासाठी फटी दिसू लागल्या. कॅलेब जॉन्सन हा धावपटू 2023 मध्ये दुखापतीमुळे काही सामन्यांना मुकला होता आणि त्याच्या नावावर 463 यार्ड होते. त्याच मुलाने 2024 मध्ये 1,537 यार्ड धावून 21 टचडाऊन केले. संघाची सरासरी 27.7 गुणांवर गेली, म्हणजे ज्या 25 च्या अटीवर इतका गहजब झाला ती सहज ओलांडली गेली. सगळे आलबेल झाले असे मी म्हणणार नाही. फेकीचा खेळ त्या वर्षीही दुबळाच राहिला, मॅकनमाराला आपली जागा टिकवता आली नाही आणि विजयांची संख्या तर दहावरून आठवर आली. पण आता पराभवांतही आक्रमण जिवंत दिसत होते.

मुलगा पदावरून गेला म्हणून हे सुधारले, असे आपल्या मजकुराचे लेखक म्हणू शकतील, आणि त्यात तथ्यही आहे. माझे म्हणणे इतकेच की केवळ आडनाव बदलून हा फरक पडला नाही. फळीला मिळालेला वेळ, बदललेले डावपेच आणि आक्रमणाकडून प्रथमच मागितला गेलेला हिशेब यांतून तो पडला. आपल्या मजकुरात 2023 ची 15.4 ही सरासरी ठळक अक्षरांत छापली होती. तिच्या शेजारी 2024 ची 27.7 ही सरासरीही वाचकांसमोर यावी, यासाठी हे पत्र प्रसिद्ध करावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक,
सीडर रॅपिड्स, आयोवा