मोर्चे नाही रे शिकवत!

प्रिय पक्या,

परवा फोनवर हसून म्हणालास ना, "पोरांना मोर्चे काढायला शिकवतोयस म्हणे", तेव्हा लेक्चरला पळायचं होतं म्हणून सोडून दिलं, आता सविस्तर ऐक.

मोर्चा वगैरे काही नाही रे. आमच्या इंटर्न डॉक्टरांना एवढंच शिकवतोय की एखादी गोष्ट सिस्टीममध्ये बदलायची असेल तर कुणाकडे जायचं, काय मागायचं आणि मागे कसं लागायचं. पहिल्याच दिवशी ठरलेला प्रश्न आला, "सर, हे परीक्षेला आहे का?" परीक्षा घेणारं आरोग्य विद्यापीठ इथे नाशकातच म्हसरूळला असल्यावर आणि काय होणार! व्हर्चोज ट्रायड (रक्ताची गुठळी होण्याची तीन कारणं) सगळ्यांना पाठ, पण १८४८ मध्ये टायफसच्या साथीची पाहणी करायला प्रशियाच्या सरकारनेच पाठवलेल्या त्याच डॉक्टर व्हर्चोने रिपोर्टात औषधांपेक्षा शिक्षण, स्वातंत्र्य आणि लोकांची कमाई यावरच जास्त भर दिला, हे कुणीच ऐकलेलं नाही.

बरं, पेठ-सुरगाण्याकडे भातलावणी सुरू झाली की सर्पदंश वाढतात हे तुला काय सांगायचं. तिकडच्या एका पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) पोस्टिंग असलेली इंटर्न तावातावाने लिहून घेऊन आली, "शासनाने ग्रामीण आरोग्याकडे तातडीने लक्ष द्यावे." म्हटलं बाई, शासन म्हणजे कोण, हे टपाल कुणाच्या टेबलवर जाणार? गप्प. मग तिला स्टॉक रजिस्टर बघायला पाठवलं. एएसव्ही (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) "उपलब्ध", चार व्हायल! विष चढलेल्या पेशंटला सुरुवातीलाच आठ-दहा लागतात, म्हणजे कागदावर साठा आहे आणि पेशंट मात्र १०८ मध्ये घालून सिव्हिलला. खरी गोम इथेच आहे, कमतरता रिपोर्टात दिसतच नाही तर वर कळणार कशी?

मग नवीन पत्र, पाऊण पानाचं, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत डीएचओंना, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना. मागणी एकच, पावसाळ्याआधी पीएचसीत किमान दोन पेशंटपुरता साठा आणि त्याखाली गेला की लगेच मागणीपत्र. सोबत रेफर रजिस्टरमधले आकडे, पेशंटची नावं-गावं काढून. केंद्राच्या २०२४ च्या सर्पदंश कृती आराखड्यात २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं लिहिलंय, तेही टाकायला लावलं, कारण वरच्या कागदाचा आधार असला की साहेबाला सही करायला बरं पडतं.

साठा अजून आलेला नाही. आवक नंबर मिळालाय, आणि पोरगी दर सोमवारी फोन करून तिथल्या क्लार्कचं डोकं खाते, हे काही मी शिकवलेलं नाही हां! बाकीचे लगेच कंटाळतात, त्यांना मी बंग दांपत्याचं सांगतो. गडचिरोलीतल्या घरच्या घरी नवजात बाळाच्या काळजीचा पेपर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला १९९९ ला, आणि देशभर आशाताईंच्या कामात ते आलं २०११ ला. इतका भक्कम पुरावा हातात असून बारा वर्षं.

आता पुढच्या महिन्यात सरावासाठी आरोग्य समितीची लुटुपुटूची बैठक घेतोय, प्रत्येकाला दोन मिनिटं. मागच्या वेळी एका हुशार पोराने सभापतींसमोर ऑड्स रेशोच्या संख्याशास्त्रापासून सुरुवात केली, सभापती झालेल्या पोरीने सरळ चहा मागवला 😂 पण ती फारच मऊ पडली रे, निधी नाही म्हणून तोंडावर उडवून लावणारा कुणीतरी खमक्या पाहिजे. तू ये. हॉस्टेलच्या मेस कमिटीत सगळ्यांना कसं गुंडाळायचास ते विसरलो नाहीये मी.

तुझा,
मिल्या